छातीवरचं व्हायोलिन

धाड गावचे वैजनाथ गुरुजी व्हायोलिन छातीला टेकवून वाजवत. कुणा बँडवाल्याकडून शिकलेले. हनुवटी कधी लावली नाही, वाजवायचा गज बुडाशी धरण्याऐवजी बराच वर धरायचे. गावच्या भजनात त्यांची साथ ठरलेली. त्यांची मुलगी स्नेहलता मात्र बुलढाण्याच्या क्लासला गेली आणि व्हायोलिन ‘नीट’ धरायला शिकली. चौदाव्या वर्षी, शाळेच्या गॅदरिंगआधी ती म्हणाली, "बाबा, तुम्ही माह्यासंगं स्टेजवर नका बसू. तुमचं धरणं पाहून पोट्टे हसतात."

"बरं," गुरुजी म्हणाले. त्यानंतर ते भजनातही वाजवताना दिसले नाहीत.

स्नेहलता पुण्यात शिकली, मग शिष्यवृत्तीवर हॉलंडला गेली. तिथं तीनशे वर्षांपूर्वीचं युरोपचं संगीत त्या काळच्याच रीतीनं वाजवायला शिकवत. पहिल्याच तासाला तिथल्या बाईंनी तिची हनुवटी उचलली, व्हायोलिन खाली छातीवर आणलं, गजावरची बोटं वर सरकवली.

"जुने लोक असंच धरत," त्या म्हणाल्या.

स्नेहलताला त्या तासात एक सूर धड काढता आला नाही.

संध्याकाळी तिनं घरी फोन लावला. "बाबा, तुमचंच बरोबर होतं. मले वाजवून दाखवा ना."

गुरुजी म्हणाले, "आता बोटं वळत नाहीत बाई. तू वाजव, मी आयकतो."

दिवाळीत जाऊन त्यांच्यासमोर बसायचं तिनं ठरवलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी गुरुजी गेले.

तेराव्याला त्यांचे तबलजी दयारामकाका तिच्याशेजारी बसले. "तू परदेशी गेल्यावर वाजवे तो. दार लावून. मी ओट्यावरून आयकत जाओ."

"काय वाजवत?"

"भजनंच. पण लय हळू, जसं कोणाची वाट पाहून राह्यला."

आज स्नेहलताचं त्या जुन्या संगीतात नाव आहे. तीन वर्षांपूर्वी एका चर्चमध्ये ती एकटीच वाजवत होती, तेव्हा डावीकडून दुसरा गज ऐकू आला, अर्धी मात्रा मागे. रेकॉर्डिंगमध्ये तो नव्हता. डॉक्टरांनी कान तपासले; कान उत्तम.

तेव्हापासून प्रत्येक संथ रचनेत तो येतो. पहिल्या वर्षी ती घाबरून भरभर वाजवी. आता ती लय आणखी उतरवते, त्याला गाठता यावं म्हणून. वर्तमानपत्रं तिच्या त्या संथपणाचं कौतुक करतात. ती कात्रणं ठेवत नाही.