उतरताना बघायचं नाही

मोटारींच्या त्या शोरूममध्ये सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळा मास्तरांनी स्वतः अर्ध्यावर सोडलेली. पण सत्तावीस वर्षांत गाड्या विकायला आलेल्या प्रत्येक नवख्याला त्यांनीच शिकवलं होतं, आणि त्यांचा पहिला धडा ऐकून प्रत्येक नवखा हसायचा.

"गिऱ्हाईक गाडीत बसतं कसं ते बघू नका," मास्तर सांगायचे. "बसताना माणूस थापा मारतो. बसताना सगळेच पंचविशीचे. उतरतं कसं ते बघा."

खरंच होतं ते. चपट्या, बुटक्या गाडीत पोट आत ओढून ऐटीत बसलेला साठीचा माणूस उतरायची वेळ आली की आधी दाराला धरायचा, मग छपराला, आणि शेवटी बायकोच्या खांद्याला. मास्तर हे एकदाच बघत. मग अवाक्षर न काढता त्याला कोपऱ्यातल्या मोठ्या गाडीकडे घेऊन जात. शोरूममध्ये तिला नुसतं 'मोठी' म्हणायचे. लांबलचक, शांत, आतून कातड्याच्या वासाची. तिच्या सीटची उंची अशी बेतलेली, की तिच्यात कोसळावंही लागत नाही आणि चढावंही लागत नाही. घरच्या खुर्चीत टेकावं तसं टेकायचं, खुर्चीतून उठावं तसं उठायचं. तो साठीचा माणूस मोठीतून उतरून ताठ उभा राहिला, की मास्तरांचं काम झालेलं असे.

दुसरा धडा पहिल्याच्या उलटा होता. गाडी विकली गेली की त्या माणसाला उतरताना पुन्हा कधी बघायचं नाही. सर्व्हिसिंगला आला, सहज चहाला आला, तरी धावत जायचं, दार उघडायचं आणि खाली वाकून टायर बघत राहायचं. वर 'हवा बरोबर आहे साहेब' असं काहीतरी पुटपुटायचं, म्हणजे मुद्दाम तोंड फिरवलंय असं वाटत नाही. "ज्याला आपण एकदा बघितलंय, त्याला परत परत बघणं हा हलकटपणा," मास्तर म्हणत. या धड्याला मात्र कुणी हसत नसे.

बाहेरच्या जगात मोठीचं नाव वाईट होतं. तरुण पोरं तिला 'पेन्शनर' म्हणत. सिग्नलला मोठी शेजारी उभी राहिली की मोटरसायकलवाले हात जोडून आशीर्वाद मागत. मास्तरांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वास्तविक मोठीचं इंजिन असलं दांडगं होतं, की त्या बुटक्या गाड्यांना तिनं चढावर सहज मागं टाकलं असतं. पण तिच्या मालकांना कुणाला मागं टाकायचंच नसे, त्याला गाडी काय करणार? "म्हाताऱ्यांची गाडी कसली?" मास्तर भांडायचे. "माणूस ती घेण्याइतका वर येईपर्यंत केस पिकतात, यात तिचा काय दोष?" भांडून घरी जाताना ते स्वतः बसनं जात. मोठी सोडाच, शोरूममधली सगळ्यात लहान गाडीसुद्धा त्यांच्या दारात कधी उभी राहिली नाही, आणि त्याचं त्यांना दुःखही नव्हतं. आपण विकलेली एखादी मोठी रस्त्यात दिसली की ते बसमध्ये शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत, "ती बघा, आपली."

तर अशा या मास्तरांना एक भाचा होता, सख्ख्या बहिणीचा मुलगा. नोकरीला त्यांनीच चिकटवला, टायची गाठ त्यांनीच शिकवली, दोन्ही धडे त्यांनीच दिले. पोरगा हुशार, जिभेवर साखर. दहा वर्षांत तो शोरूमचा मॅनेजर झाला आणि मामा त्याच्या हाताखाली आले. मास्तरांना त्याचं कौतुकच. काचेच्या केबिनमधून त्यानं "मामा, जरा येता का?" म्हटलं, की ते भर गर्दीतून मिरवत जात.

त्या दिवशीही असेच गेले. भाच्यानं स्वतः उठून दार लावलं.

"मामा, वाईट बातमी आहे. नवीन मोठी येतेय, आणि तिची सीट चार बोटं खाली नेणार आहेत. तरुण दिसायला."

मास्तर मटकन बसले. "अरे, मग उतरणार कसे लोक?"

"तेच मी वर सांगतोय! पण ते पुरावा मागतात. तुम्ही जुन्या गिऱ्हाइकांना फोन करा. उतरताना काय होतं, कुठं धरतात, कुठं दुखतं, सगळं त्यांच्याच शब्दांत लिहून द्या. मी वर पाठवतो. सीट वाचेल बघा."

"असलं कोण सांगेल रे मला?"

"तुम्हालाच सांगतील," भाचा म्हणाला, आणि हे मात्र तो अगदी खरं बोलला.

तीन आठवडे मास्तर फोन करत होते. माणसं आधी आढेवेढे घ्यायची, मग बोलायला लागली की थांबायची नाहीत. कुणाचे गुडघे, कुणाची कंबर. एकानं सांगितलं की उतरून लगेच चालता येत नाही, म्हणून तो दाराशी उभा राहून फोनवर बोलल्याचं नाटक करतो. मास्तर वळणदार अक्षरात सगळं लिहून घेत. लिहिता लिहिता त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली आणि ते मनाशीच हसले. मोटरसायकलवाली पोरं बरोबर होती. मोठी म्हाताऱ्यांचीच गाडी होती. सत्तावीस वर्षं आपण उगाच भांडलो. पण यात लाजायचं काय? माणसाला सावकाश उतरू देणारी दुसरी कुठली वस्तू आहे जगात?

शेवटचा फोन भूलवाल्या डॉक्टरांना होता. ऑपरेशनच्या आधी भूल देणारे डॉक्टर. हजारो माणसं झोपवली आणि उठवली, असं ते स्वतःच म्हणायचे. वय चौऱ्याहत्तर, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. तिसरी मोठी चालवत होते आणि तिन्ही मास्तरांच्या हातून घेतलेल्या.

"उतरताना?" डॉक्टर म्हणाले. "मास्तर, माझा डावा पाय आता माझं ऐकत नाही. मोठीला क्लच नाही, चालवताना तो लागत नाही, त्यामुळे तिथं काही अडत नाही. पण उतरताना पँटच्या इस्त्रीची घडी चिमटीत धरतो, पाय उचलतो आणि बाहेर ठेवतो. तुमच्या मोठीत जमतं, जागा आहे. मुलाला माहीत नाही. कळलं तर त्याच दिवशी किल्ली काढून घेईल. मग मी त्या घरात बसून करू काय?"

"कुणाला कळणार नाही, डॉक्टरसाहेब."

"तुम्ही म्हणता म्हणजे नाहीच कळणार."

हे लिहावं की नाही, यावर मास्तरांनी दोन दिवस घालवले. शेवटी भाच्यालाच विचारलं. भाचा दुखावल्यासारखा झाला. "मामा, नाव कुणाचंच जाणार नाही. माझ्यावर एवढाही विश्वास नाही?" मास्तरांनाच ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी लिहिलं, जसंच्या तसं.

नवी मोठी आली एका रविवारी सकाळी. मोठा हॉल, खुर्च्यांना पांढरी कव्हरं, जुन्या गिऱ्हाइकांना मानाच्या पुढच्या रांगा. बोलवायचं काम मास्तरांकडेच होतं. ते भिंतीला टेकून उभे होते. दुसऱ्या रांगेत भूलवाले डॉक्टर बसले होते, शेजारी मुलगा. डॉक्टरांनी लांबूनच हात केला.

दिवे मंद झाले आणि पडद्यावर फिल्म सुरू झाली. जुनी मोठी येऊन थांबते. डोक्याला पावडर फासलेला एक नट दार उघडतो, दाराला धरतो, छपराला धरतो. हॉलमध्ये हशा. मग तो उभा राहून फोन कानाला लावतो, फोन उलटाच धरलेला असतो. मोठा हशा. दिवस बदलतो, पुन्हा तोच नट. या वेळी तो पँटची इस्त्री चिमटीत धरतो, एखादं पार्सल उचलावं तसा स्वतःचा पाय उचलतो आणि बाहेर ठेवतो. धप्प असा आवाज होतो. हॉल अक्षरशः लोळला. पडद्यावर अक्षरं आली, 'काकांची गाडी? आता नाही.' आणि चार बोटं खाली गेलेली नवी मोठी झळकली. तिच्यातून एक तरुण टुणकन उडी मारून उतरला.

मास्तर पडदा बघत नव्हते, ते दुसरी रांग बघत होते. डॉक्टरांचा मुलगाही सगळ्यांबरोबर हसला होता. हसता हसता त्यानं वडिलांकडे वळून बघितलं, आणि त्याची नजर खाली गेली. कार्यक्रम संपलाय असं वाटून डॉक्टर उठायच्या बेतात होते, आणि सवयीनं त्यांची चिमूट डाव्या पायाच्या इस्त्रीवर गेलेली होती. मुलगा हसायचा थांबला. डॉक्टरांनी हात काढून घेतला, पण उशीर झाला होता. मग त्यांनी मान वळवली आणि भिंतीशी उभ्या मास्तरांकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मास्तरांना सोसलं असतं. तिथं नुसता प्रश्न होता, तुम्ही?

टाळ्या थांबायच्या आत मास्तरांनी भाच्याला पडद्यामागे गाठलं.

"काय केलंस हे?"

"मामा, नाव घेतलं का कुणाचं? आणि लोक किती हसले ऐकलंत ना?"

"तू म्हणालास सीट वाचवायचीय."

भाच्यानं हळूच इकडेतिकडे बघितलं. "सीटचं केव्हाच ठरलं होतं मामा. तुमच्या पहिल्या फोनच्या आधी. फिल्मसाठी खरं काहीतरी हवं होतं. मला सांगितलं असतं का गिऱ्हाइकांनी?"

 केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. तोही परक्यानं नाही, बहिणीच्या लेकानं, आणि कापायला सुरी मामाच्याच हातात दिलेली. तीन आठवडे ते माणसांच्या पोटात शिरून त्यांची दुखणी काढून आणत होते, ती या हॉलमध्ये पसरून ठेवायला. भाच्यानं मामाला मामा बनवलं, असा विनोद शोरूममध्ये सहज झाला असता. एरवी मास्तरच पहिले हसले असते. कुणी केला नाही, कारण त्यांच्या तोंडाकडे कुणाला बघवत नव्हतं.

"मी तुला दोन धडे दिले होते," मास्तर एवढंच म्हणाले. "तू एकच शिकलास."

नोकरी सोडायचं त्यांनी बायकोजवळ बोलून ठेवलं. पण दुसऱ्या दिवसापासून ते रोज जात राहिले आणि काचेच्या दारापाशी उभे राहू लागले. जुनी गिऱ्हाइकं फोन उचलेनात. एक जण समोरून आला तो रस्ता ओलांडून पलीकडे गेला. मास्तर उभे राहिले, कारण त्यांना एकाच माणसाशी बोलायचं होतं.

अकराव्या दिवशी डॉक्टरांची मोठी आवारात शिरली. चालवत मुलगा होता. डॉक्टर शेजारच्या सीटवर, हात मांडीवर ठेवून बसलेले. जुनी देऊन नवी घ्यायची म्हणून मुलगा कागदांची पिशवी घेऊन तडक भाच्याच्या केबिनकडे गेला. वडील गाडीतच राहिले.

मास्तर धावले. त्यांनी दार उघडलं. बोलायचं म्हणून अकरा दिवस बरंच जुळवलं होतं. पण सत्तावीस वर्षांची सवय आधी कामाला आली. ते खाली वाकले आणि टायर बघू लागले.

"हवा... हवा बरोबर आहे साहेब."



"टायर काय बघताय मास्तर?" डॉक्टर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "सगळ्या हॉलनं बघितलं. तुमचंच तेवढं राहिलंय. बघा इकडे."

मास्तरांनी मान वर केली. डॉक्टरांनी इस्त्री चिमटीत धरली, पाय उचलला आणि त्यांच्यासमोर फरशीवर ठेवला.