बॉनेटचा डावा कोपरा

सुधीर गेल्याचा फोन त्याच्या ऑफिसातून आला. अडीअडचणीला कुणाला कळवायचं, त्या रकान्यात त्याने माझं नाव लिहिलं होतं. आणि मी तीन महिने त्याच्याकडे फिरकलो नव्हतो...

आम्ही पुण्यातले कॉलेजमित्र. कॅनडात त्याचा संसार मोडला, बायको आणि मुलगा निहार तिकडेच राहिले, हा नोकरी धरून सिंगापूरला आला, जिथे मी आधीपासून होतो. येताना बर्फावर चालणाऱ्या जुन्या स्नोमोबाइलचं बॉनेट घेऊन आला. गाडी विकली, तेवढं ठेवलं.

"लेका, इथे बर्फ कुठाय?" मी विचारलं.

"फ्रीझरमध्ये."

निहारला विसावं लागणार म्हणून त्याने ते रंगवून पाठवायचं ठरवलं. दर रविवारी मी पासिर रिसला त्याच्या फ्लॅटवर जायचो. हॉलभर वर्तमानपत्रं पसरून आम्ही ओल्या पॉलिश पेपरने जुना रंग घासायचो. डाव्या कोपऱ्यात निहारने सहा वर्षांचा असताना खिळ्याने स्वतःचं नाव कोरलं होतं. सुधीर म्हणाला, "बाकी सगळं घास. तेवढ्याला हात लावू नकोस."

एका रविवारी तो खाली चहा आणायला गेला. मी नादात घासत राहिलो. रंगाचा चिखल फडक्याने पुसला, तर कोपरा गुळगुळीत.

तो आला, चहा खाली ठेवून कोपऱ्यावर वाकला. मग म्हणाला, "काल मीच घासलं वाटतं. डॉक्टरांच्या त्या गोळ्या सुरू झाल्यापासून हातांचं कळत नाही रे."

मी म्हणालो, "असेल."

त्यानंतर त्याने पॉलिश पेपर हातात धरला नाही. "तूच कर," म्हणायचा, आणि बसून राहायचा. मला ते बघवेना. मी कामाची कारणं सांगू लागलो, मग तीही सांगेनासा झालो.

अंत्यसंस्काराला निहार आला. सुधीरच्या फ्लॅटमध्ये त्याने त्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. "काका, बाबांनी माझं नाव काढून टाकलं?" त्याने इंग्रजीत विचारलं. मी खाली पसरलेली वर्तमानपत्रं गोळा करायला लागलो. जाताना म्हणाला, "यू कीप इट."

आता ते माझ्या हॉलमध्ये आहे, अर्धवट प्रायमर मारलेलं. येता-जाता पायाला लागतं. हे सगळं मी मराठीत लिहिलं, आणि निहारला मराठी वाचता येत नाही, हे लिहायला बसताना मला पक्कं ठाऊक होतं.

इथे दुपारचे चार वाजलेत. तिकडे कॅनडात तो उठायला अजून चार तास आहेत. फोन समोर ठेवून बसलोय.