बहिणीला आणायला पिंपरी कॅम्पात

पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारायचं काय? आमचे आईबाप गेलेले, म्हणजे सुमीचं माहेर मीच. मी तेव्हा वीस-बावीसची, पन्नास सालानंतरची गोष्ट. सकाळीच नवऱ्याला म्हटलं, "गाडी जुंपा, चाकणच्या स्टँडवर सोडा. सुमीला घेऊनच येते."

आज तुम्ही त्या रस्त्यानं गेलात तर कंपन्यांच्या ट्रकांत अडकून बसाल. तेव्हा मोशी, भोसरी असं करत दोन्ही अंगाला नुसती बाजरी, आणि धूळ थेट तोंडात. एसटी चार-सहा आण्यांत नाशिक फाट्यावर सोडायची. शेजारी फेटेवाला म्हातारा होता. कुठं जाते ते कळल्यावर म्हणाला, "कॅम्पात व्हय? सगळी पाकिस्तानातली माणसं हायेत पोरी. पिशवी सांभाळ."

"घरदार टाकून आलेली माणसं माझ्या डिंकाच्या लाडवांवर टपून बसलीत व्हय?" असं म्हणाले खरी, पण पिशवी मांडीवर घेतली.

फाट्यावरून कासारवाडीच्या अंगानं रूळ धरून पायी पिंपरी. भर उन्हात जाऊ नये. मी गेले, तळपाय भाजले.

कॅम्प म्हणजे सिंधी निर्वासितांच्या बराकीच बराकी. दाराला गोणपाटाचे पडदे, खाटांवर पापड वाळत घातलेले. दुकानांच्या पाट्या उजवीकडून डावीकडं लिहिलेल्या म्हणे. मला सरळ पाटी वाचायची मारामार, तेव्हा उलटीचं काय भय? सुमीचा नवरा औषधाच्या कारखान्यात, म्हणून तिथला मराठी कामगार कुठं राहतो, एवढंच विचारत गेले.

बराकीतली अर्धी खोली सुमीची, अर्धी घरमालकिणीची. मधे एक चादर बांधलेली. दारात ती मालकीणच उभी होती, पांढरी ओढणी डोक्यावरून घेतलेली. मला बघून हसली नि म्हणाली, "अदी, मानी?"

मला राग आला. ओळख ना पाळख, आणि स्वभावावर बोलायचं? म्हटलं, "व्हय, मानी हाय. म्हणून तर बोलावल्याबिगर आत आले न्हाई."

आतून सुमी पोट धरून हसली. "अक्का, अदी म्हंजे ताई, मानी म्हंजे भाकरी! अमां जेवायला इचारत्यात."

हसले नाही मी. ते 'अमां' कानात रुतलं. आई गेल्यावर हिची वेणी मी घातली, हिला न्हाऊ मी घातलं, मला कधी आई म्हणाली नाही.

जेवण मात्र चांगलं होतं. पालक, चुका आणि हरभऱ्याची डाळ एकत्र घोटलेली भाजी. तिखट कमी, पण मी दोनदा घेतली.

हात धुऊन म्हटलं, "चल सुमे, कपडे भर. दुपारची गाडी हाय."

सुमीनं पाय पुढं केले. सुजून खांबासारखे झालेले. "अक्का, म्या न्हाई येणार. हितं दवाखाना जवळ हाय. अमां हायेत."

"आमच्यात पहिलं माहेरीच असतं," मी मालकिणीकडं वळून बोलले. बोट तिच्याकडंच होतं.

"हमारे में भी, अदी," ती म्हणाली.

"मग तुमचं पहिलं कुठं झालं?" कुठून सुचलं कोण जाणे. माझी जीभच तशी.

ती पापड उलथत होती. हात थांबला नाही. "नववा महिना था. कराची से जहाज में चढ़ाया. बच्चा जहाज पे हुआ. बंबई में खाली हाथ उतरी." मग म्हणाली, "मायका तो वहीं रह गया. तू इसको रस्ते पे मत निकाल."

मी पिशवीतून लाडवांचा डबा काढला. तिनं फळीवरून तिचा काढला. तिच्या वड्या होत्या, पण आत तोच डिंक, तीच सुंठ, तीच खारीक. "सुंठ जास्त झालीय," मी म्हटलं. "तेरे में कम है," ती म्हणाली. डबा तिच्या हातात दिला आणि उठले.

तुम्ही आता गेलात तर बराकी सापडायच्या नाहीत, नुसतं कापडाचं मार्केट. सकाळी जा, दाल-पकवान खा, भाव करायला लाजू नका.

चाकणला नवरा गाडी घेऊन उभा. "सुमी कुठाय?"

"माहेरी सोडली."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, बैल हाकले.

सुमीसाठी खोली सारवून ठेवली होती, तिथं कांदा पसरला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आठवड्यानं निरोप आला, मुलगी झाली, दोघी सुखरूप. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, जहाजावरचं ते बाळ मुलगा होतं की मुलगी, एवढंसुद्धा मी त्या बाईला विचारलं नव्हतं.

बारशाला गेले तेव्हा आधी तेच विचारलं.

"मुलगी," अमां मराठीत म्हणाल्या. सुमीची पोर त्यांच्या मांडीवर झोपली होती. मावशीच्या हातात द्यायची त्यांना काही घाई दिसली नाही. मीही मागितली नाही.