सल्ल्याचा नंबर मीच विसरलो होतो

बीटी कपाशीतही बोंडअळी निघाली, त्याच हंगामात चिखलीकडच्या एका गावाचे फोन मी जुन्या यंत्रावरून काढून इंटरनेटवरून बोलणं नेणाऱ्या व्हॉइस गेटवेवर घेतले. कोणता नंबर कुठे पाठवायचा, हे त्या गेटवेला एकेक करून सांगावं लागतं. त्यात शेतकी सल्ल्याचा चार आकडी नंबर माझ्याकडून राहिला. आमची टेस्ट म्हणजे बुलढाण्याच्या ऑफिसला फोन लावून "आवाज येऊन राह्यला काय?" असं विचारणं. आवाज आला, मी काम पूर्ण झाल्याची सही केली.

आठ दिवस गावातून सल्ल्याचा एकही फोन लागला नाही. लोक लाइनमनवर धावले. "अळी बोंडात शिरली अन् तू खांबावर झोके घेऊन राह्यला काय बे?" त्यानं बिचाऱ्यानं सगळी वायर तपासली. मी गुपचूप नंबर भरला आणि गप्प बसलो. मेमो त्याला मिळाला.

तो आता रिटायर होतोय. परवा मी माझी चूक लेखी दिली.

साहेब म्हणाले, "इतक्या वर्षांनी काऊन उकरता? कागद परत घ्या."

"त्याच्या सर्व्हिस बुकात माझी चूक लिहिली आहे, साहेब. कारवाई करायची तर माझ्यावर करा. कागद परत घेणार नाही."