तुरीच्या डाळीचं पुरण

माझ्या पणजोबांचा धाकटा भाऊ घरातून भांडून निघाला, तो परत आलाच नाही. रिटायर झाल्यापासून मी या बेपत्ता माणसाच्या मागे लागलो. विदर्भातल्या म्हाताऱ्या आत्यांना फोन कर, बुढापारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर वंशावळ पसरून बस, हाच धंदा. बायको वैतागायची. "मेलेल्याईची चौकशी करून राहिले, अन् जित्याईले दूध कोण आणन?" पोरगी हिंदीत चिडवायची, "पापा, मिल गए क्या आपके दादाजी के चाचा?" हसा म्हटलं, खुशाल हसा. पण त्या फांदीशी कागद कोरा दिसला की माझा जीव तुटायचा.

मागच्या महिन्यात बायको-पोरीला घेऊन शहरातल्याच शंकर नगरला, पोराच्या घरी, लग्नाची बोलणी करायला गेलो. दोघांचं केव्हाचंच जमलं होतं. पोराच्या आजीचा होकार तेवढा बाकी होता. एकाच कुळातलं निघालं म्हणून या बाईनं नातीचं ठरलेलं लग्न मोडलेलं. आमची आडनावं वेगळी, त्यामुळे मी निर्धास्त.

जेवायला पुरणपोळी होती. पहिला घास घेतला अन् थबकलो.

"आमच्यात हरभऱ्याचं पुरण चालत नाही, तुरीचंच असते," आजी सांगू लागली. "माह्या सासऱ्याचा बाप अन् त्याचा मोठा भाऊ खळ्यावर हरभऱ्यावरून भांडले. मायनं शपथ घातली, आता या घरात हरभऱ्याचं पुरण शिजणार नाही. आमचा म्हातारा गाव सोडून इकडं आला, आडनावही बदललं, पण मायची शपथ नाही मोडली. तो मोठा कुठं मेला, देव जाणे."

अरे बापा! तो मोठा म्हणजे माझा पणजोबा. आमच्याही घरी तुरीचंच पुरण, त्याच शपथेपायी. दोघं एकमेकांचं तोंड न पाहता मेले, अन् दोघांनी मायचा शब्द पाळला. मला भडभडून आलं. वाटलं, उठून म्हातारीचे पाय धरावे अन् सांगावं, तुमच्या माणसाची आमच्याकडे शेवटपर्यंत वाट पाहिली हो.

बायकोचा हात ताटातच थांबला होता. पोरीचा चेहरा पांढराफटक पडलेला. एवढ्या पिढ्या उलटल्यावर कसलं आलंय पाप, मी मनाशी म्हणालो. पण म्हातारीला हे पटवणार कोण?

"तुमच्यात कोणतं असते, भाऊ?" आजीनं विचारलं.

पोरगी माझ्याकडे बघत होती.

"आमच्यात ना काकू," मी म्हणालो, "हरभऱ्याचं असते."