भिंतीपलीकडची फांदी

माझ्या बायकोच्या आत्याने आयुष्यात हाताला लागलेली एकही गोष्ट छाटल्याशिवाय सोडली नाही. पाचोडला तिची मोसंबीची बाग आहे, नवरा गेल्यापासून ती तिनेच राखली, आणि सत्तरी ओलांडल्यावरही ती लुगड्याचा काचा मारून झाडावर चढते, इथपर्यंत मी समजू शकतो. पण ती माणसांनाही छाटते. तिचा फोन आपण 'हॅलो' म्हणेपर्यंत संपलेला असतो. पाहुण्याचं बोलणं लांबलं की ती सरळ जाऊन त्याच्या चपला दाराकडे वळवून ठेवते. आमच्या लग्नात तर तिसरं मंगलाष्टक संपताच "लई झालं, माणसं उन्हात हायती!" म्हणत तिने मूठभर अक्षता माझ्या तोंडावर मारल्या. बँडवाल्यांना वाटलं, लागलं लग्न. त्यांनी वाजवायला घेतलं. गुरुजी आ वासून उभे. मी आजही तीन मंगलाष्टकांवरच विवाहित आहे.

अशा बाईला आम्ही आपण होऊन बोलावलं, ते शेजारच्या काकांमुळे. आमच्या परसातल्या पेरूची एक फांदी भिंतीपलीकडे त्यांच्या गच्चीवर गेली होती. काका तिचे पेरू बिनदिक्कत तोडायचे, आणि वर पाला पडतो म्हणून आमच्याच नावाने ओरडायचे. एकदा मीही ओरडलो. तेव्हापासून दोन वर्षं बोलणं बंद. शेवटी ठरलं, ती फांदीच काढायची, म्हणजे काकांना एक पेरू मिळायला नको. आत्या एका पायावर तयार झाली. लुगड्यात गुंडाळलेली करवत घेऊन ती बसने आली आणि क्रांती चौकातून रिक्षात बसली. रिक्षावाल्याने विचारलं, "खाला, ये आरी किसके वास्ते?" आत्या म्हणाली, "जावयाकडं चाललेय." फाटकाशी तिला उतरवताना तो माझ्याकडे फार दयेने बघत होता.

तिला कोणती फांदी ते नीट दाखवून आम्ही दोघं ऑफिसला गेलो. संध्याकाळी परत आलो, परसदारी जाऊन बघतो तर काय, झाड नव्हतंच! चार बोडके खुंट, त्यांच्या तोंडांना मोरचूद-चुन्याचा निळा लेप, आणि अंगणभर फांद्यांचा ढीग. सगळ्या झाडावर एकच फांदी हिरवीगार, पेरूंनी लगडलेली. भिंतीपलीकडची!

"आत्या, हे काय केलंस?" बायको जवळजवळ रडत होती.

"जांब लई माजला व्हता. आता धुमारे फुटतील." पेरूला ती जांबच म्हणते. "सगळं उतरवलं की एक फांदी राखावी लागती, झाड जगाया."

"मग आपल्या बाजूची राखायचीस! हीच काढायला तुला बोलावलं होतं!"

आत्याने करवत पुसली. पुसून झाली तरी पुसतच राहिली.

"तुझ्या बापाच्या आन् माझ्या बांधावर आंबा व्हता," ती म्हणाली. "माझ्या बाजूचा. त्याची फांदी दादाच्या रानात गेली व्हती. पोरं आंबे नेत्यात म्हणून म्या तोडली. तवापासून दादा बोलला नाय. त्याला दवाखान्यात नेलं तवा म्या दारापातूर गेले, तर तोंड भिंतीकडं केलं त्यानं. गेला तसाच."

वडील आणि आत्या एकाच लग्नात दोन टोकांना का बसायचे, हे बायकोला त्या दिवशी कळलं. ती आत्याच्या शेजारी पायरीवर जाऊन बसली. मला आत्याची अशी दया कधी आली नव्हती, आणि स्वतःची अशी लाजही वाटली नव्हती.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. झाडाचं विचारेल म्हणून मी तयारीत होतो. तिने विचारलं, "शेजारी बोलत्यात का?"

"हो, बोलतात की," मी म्हणालो.

ते खोटं होतं. एरवी तिने तेवढ्यावर फोन ठेवला असता. या वेळी ठेवला नाही. मग हळूच म्हणाली, "बरं झालं, जावईबापू. लई बरं झालं."

मी फोन ठेवला, चपला घातल्या आणि काकांची बेल वाजवली. दार उघडायला त्यांना बराच वेळ लागला.