उलटं करून पाहायचं फूल

वच्छलाबाईंच्या हातात कुणी फूल दिलं, तर त्या आधी वास घेत नसत. ते उलटं करत. लग्नातली वेणी असो की सत्काराचा गुलाब, पाकळ्यांच्या बुडाशी काय आहे ते बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. सगळी हयात त्यांनी नागपुरातल्या एका ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. पोरं पाठीमागे त्यांना ‘उलट्या मॅडम’ म्हणत, आणि मॅडमना ते चांगलं ठाऊक होतं. फुलाचं अंडाशय, म्हणजे ज्याचं पुढे फळ होतं तो भाग, पाकळ्यांच्या वर बसलाय की खाली, हे आधी बघा आणि मगच झाडाच्या कुळाबद्दल तोंड उघडा, असा त्यांचा दंडक होता. त्यांचे यजमान रुपराव वीज खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या डोक्यात हे कधी शिरलं नाही. फूल देवाला वाहायचं, एवढंच त्यांचं शास्त्र.

मुलगी एकच, मोनाली. तिने कॉमर्स घेतलं तेव्हा बाई बरेच दिवस घुश्शात होत्या. पण लहानपणापासूनची तिची एक खोड बँकेत लागल्यावरही सुटली नाही. बाहेरून येताना पर्समधून काहीतरी चुरगळलेलं फूल काढायचं आणि विचारायचं, “आई, हे कोणतं?” बाई कूळ सांगत. सांगून होत नाही तोच दुसरं पुढे यायचं, “अन् हे?” स्वयंपाकाचा खोळंबा व्हायचा, बाई वैतागायच्या, आणि तरी सांगायच्या. खरं तर दिवसभरात त्यांना तेवढंच हवं असायचं.

एकदा ती मैत्रिणींबरोबर रामटेकला गेली आणि तिथून कुठल्याशा रानझाडाचा एक कांदा घेऊन आली. पाण्याची बाटली अर्धी कापून त्यात मातीसकट बसवलेला, वर पट्ट्यासारखी चार हिरवी पानं.

“फूल नाई अन् कूळ कसं सांगू?” बाई म्हणाल्या. “अशी पानं कितीतरी झाडांची राहतात.”

“अंदाज तं सांग वं आई.”

“अंदाजानं लिहिणाऱ्याले मी नापास करत होती. फूल येऊ दे, मंग सांगीन.”

“अन् फूल यायले दोन-तीन वर्षं लागले तं?”

“लागू दे. तू कुठं पळून चालली?”

महिना उलटायच्या आत मोनाली डेंग्यूच्या तापात गेली.

सक्करदऱ्याच्या त्या घरात मग फक्त दोघं उरली. रुपराव रोज पहाटे अंगणातलं फूल तोडून मुलीच्या फोटोला वाहायचे. बाई कांद्याची कुंडी सांभाळायच्या. उन्हाळ्यात पानं वाळून जायची तेव्हा त्या माती उकरून कांदा शाबूत आहे का ते बघायच्या, आणि पावसाळ्यात पुन्हा हिरवं टोक वर दिसलं की जरा हायसं वाटायचं. लोक मुलीला शेवटचं पाणी पाजता आलं नाही म्हणून रडतात. बाईंना एका उत्तराचं दुःख होतं. एवढासा अंदाज सांगितला असता तर काय बिघडलं असतं, हा विचार त्यांना भाजी चिरतानासुद्धा सोडत नसे.

यंदा आषाढात पानांमधून एक दांडा वर आला, आणि त्यावर एकच कळी. बाईंनी कुणाला सांगितलं नाही, रुपरावांनाही नाही. दृष्ट लागेल म्हणून. वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी असं मनात आणावं याचं त्यांना हसूही आलं. संध्याकाळी पाहिलं तर कळी मिटलेलीच होती. उद्या उमलेल, असं म्हणून त्या ब्लडप्रेशरची गोळी घेऊन झोपल्या.

सकाळी दांडा मोकळा होता.

फूल फोटोवर होतं. पांढरंशुभ्र, सहा लांब पाकळ्या, मधे पातळ पेला. बाईंनी ते उचललं आणि सवयीनं उलटं केलं. खाली नुसती तुटकी, पोकळ नळी. बघायला काही उरलंच नव्हतं.

“तुम्ही तोडलं?”

“हो. तिच्याच झाडाचं पहिलं फूल होतं, मी तिलेच वाहिलं.” रुपराव त्यांच्या तोंडाकडे बघून घाबरले. “काहून वं, काय झालं?”

“कुठून तोडलं?”

त्यांनी चिमटीनं दाखवलं. पाकळ्यांच्या अगदी खाली, मानेपाशी, जसं ते रोज तोडत.

बाईंना संताप आला होता, पण त्या माणसावर ओरडायचं तरी कसं? त्या कुंडीपाशी गेल्या. दांड्याच्या टोकाला वाटाण्याएवढी हिरवी गाठ शिल्लक होती आणि तिच्या माथ्यावर फूल तुटल्याचा ओला, गोल वण. म्हणजे पाकळ्या गाठीच्या वर होत्या. अंडाशय खाली; लिलीच्या कुळात ते वर असतं. रुपरावांनी फूल नेलं होतं आणि उत्तर झाडावरच राहिलं होतं.

गाठ कापून बघायला त्यांनी ब्लेड आणलं नाही. फूल घेऊन त्या फोटोसमोर परत आल्या, ते होतं तिथे ठेवलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “मोनू, नागदवण्याच्या कुळातलं आहे हे.”

आणि तशाच उभ्या राहिल्या. आपण कशासाठी थांबलोय हे त्यांना जरा वेळानं कळलं. उत्तरानंतर नेहमी एक प्रश्न यायचा. इतकी वर्षं त्यांच्याकडे निदान मुलीचं एक विचारणं बाकी होतं. आज तेही संपलं.

रुपराव मागे उभे होते. त्या घरात वर्षानुवर्षं काय चालायचं, हे जेवणाची वाट बघत त्यांनीही ऐकलेलं होतंच. पूजेच्या ताटलीतलं एक फूल उचलून त्यांनी बाईंच्या पुढे धरलं.

“अन् हे?” ते म्हणाले.

सदाफुली होती. दारोदारची, पोरासोरांनाही ओळखता येणारी सदाफुली. बाईंनी ती घेतली आणि उलटी केली.